एका बाईपायी

आमच्या आजीच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, "एका बाईपायी गादी गेली." ते कशावरही यायचं. वाती वळताना, गराडू सोलताना, शेजारच्या कुणाच्या सुनेबद्दल चाललेल्या गप्पा संपत आल्या की, आणि ते एकदा आलं म्हणजे विषय बंद, पुढे कुणी काही बोलायचं नाही असा घरातला न सांगता कळलेला नियम होता. आम्ही तेव्हा इंदूरला रामबागेत राहायचो, दुपारी मागच्या अंगणात बायका जमायच्या आणि मी तिथेच खेळत असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. दहाएक वर्षांची असताना मी एकदा विचारलं, आजी, कुठली गं बाई, तर आजी माझ्याकडे न बघता म्हणाली, "होती एक. मुंबईची भानगड." आणि वातीला पीळ देत राहिली.

आजीचा जन्म १९१८ चा, म्हणजे भानगड झाली तेव्हा ती सात वर्षांची. तिने स्वतः काही पाहिलेलं असायचा प्रश्नच नव्हता, जे काही कानावर आलं ते आईच्या, मग सासूच्या तोंडून आलं असणार आणि येता येता त्याचं एक वाक्य होऊन बसलं. त्या वाक्यात इंदूरच्या होळकरांची गादी होती, महाराज न बोलता होते, पण बाईला नाव नव्हतं. आमच्या घरात ती नुसती 'ती' होती.

तिचं नाव मुमताज बेगम, आणि ते मला सापडलं एका सिनेमाच्या नोंदीत. जुन्या सिनेमांचं वेड मला माझ्या धाकट्या काकामुळे लागलं, त्याच्याबद्दल पुढे सांगतेच, पण त्या वेडापायी मी मूकपटांच्या याद्या वाचत बसते, नुसती नावं आणि सालं, कारण बहुतेक मूकपटांचं आता तेवढंच उरलंय. तर त्यात एक ओळ होती. कुलीन कांता, १९२५, कोहिनूर फिल्म कंपनी, दिग्दर्शक होमी मास्टर, आणि शेजारी लिहिलेलं की हा सिनेमा मुंबईतल्या बावला खून प्रकरणावर बेतलेला आहे. मी ती ओळ वाचली, पुढच्या ओळीवर गेले आणि मग एकदम पाठी आले. बावला प्रकरण म्हणजे आमचंच की! आजीची भानगड ती हीच, जिच्याबद्दल अंगणात आवाज खाली जायचा त्याच गोष्टीचा मुंबईत सिनेमा झाला होता, तोही त्याच वर्षी, आणि लोकांनी तिकीट काढून तो पाहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण नव्या पिढीतल्या इंदूरकरांना विचारलं तर दहातल्या आठ जणांना हे माहीत नसतं. मुमताज ही पंजाबकडची, गाण्यानाचण्याच्या घरातली मुलगी, लहान वयात इंदूरच्या दरबारात आली आणि महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्याकडे बरीच वर्षं राहिली. मग एक दिवस तिने जायचं ठरवलं आणि ती गेली. अमृतसर, मग मुंबई, तिथे अब्दुल कादर बावला नावाचा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी, त्याच्याकडे ती राहू लागली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी दोघं मोटारीतून मलबार हिलला फिरायला गेली असताना गिब्ज रोडवर मागून एक लाल मोटार आली, यांच्या मोटारीला धडकली, त्यातून माणसं उतरली, बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या तोंडावर चाकूचे वार केले आणि तिला ओढून आपल्या मोटारीत कोंबायला लागली. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून नेमके तिथे पोचले. त्यातला लेफ्टनंट सेगर्ट हातात गोल्फची काठी घेऊन पिस्तुलवाल्यांच्या अंगावर धावून गेला, स्वतः गोळ्या खाल्ल्या पण हटला नाही. बावला वाचला नाही. मुमताज वाचली.

रस्ता चुकले म्हणून. हे मला प्रत्येक वेळी वाचताना अंगावर येतं. ते अधिकारी नेहमीच्या रस्त्याने गेले असते तर मुमताज त्या लाल मोटारीतून कुठे गेली असती आणि तिचं पुढे काय झालं असतं, आणि मग आजीच्या वाक्यातली ती एक बाई सुद्धा उरली नसती, कारण त्या प्रकरणाचं प्रकरणच झालं नसतं.

खटला मुंबई हायकोर्टात जस्टिस क्रम्प यांच्यापुढे चालला. पकडलेल्या माणसांचा माग इंदूरपर्यंत आला. आणि इथे मला जे सापडलं त्याने मी खरंच हलले. आरोपींची नावं. आनंदराव फणसे, इंदूरच्या फौजेतले वरचे अधिकारी, त्यांच्यासाठी कोर्टात बॅरिस्टर जिना उभे होते. मग दिघे. मग पोंडे. मी लहानपणापासून असंच धरून चालले होते की आजी राजाच्या अदबीने गप्प बसते. पण ही आडनावं तर आमच्याच लोकांची, हळदीकुंकवाला येणाऱ्या, गणपतीत आरतीला उभ्या राहणाऱ्या घरांतली आडनावं! होळकरांच्या राज्यात दक्षिणेतून आलेली मराठी घरं फौजेत, कचेरीत, दरबारात सगळीकडे होती, आमचे पणजोबाही कचेरीतच होते. म्हणजे अंगणातल्या त्या शांततेत राजाची भीती असेल थोडी, पण जास्त करून ती आपल्या माणसांची लाज होती. आणि लाज झाकायला बाई कामी आली. एका बाईपायी.

नऊ जणांवर खटला चालला, तिघांना फाशी सुनावली, चौघांना जन्मठेप, दोघं सुटले. महाराजांवर कोर्टात खटला कधीच चालला नाही हेही स्पष्ट लिहायला पाहिजे, त्यांच्यावर काही सिद्ध झालेलं नाही. सरकारने त्यांना सांगितलं की चौकशी आयोगाला सामोरे जा नाहीतर गादी सोडा, आणि त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये मुलाच्या, यशवंतरावांच्या नावे गादी सोडली.

ही तारीख लक्षात ठेवा, मी परत येते तिच्याकडे.

आता सिनेमा. कोहिनूर ही द्वारकादास संपत यांची कंपनी, त्या काळातली मुंबईतली मोठी कंपनी, आणि तिने पुराणातल्या गोष्टी सोडून आजच्या शहरातल्या, आजच्या माणसांच्या गोष्टी पडद्यावर आणायला सुरुवात केली होती. १९२४ मध्ये त्यांनी मुंबईतल्याच खऱ्या खुनावरून काला नाग काढला होता, म्हणजे वर्तमानपत्रात वाचलेलं पडद्यावर दिसतं याची चटक लोकांना लागलेली होती. होमी मास्टर पारशी नाटक कंपन्यांमधून आलेले, भडक प्रसंग कसा रंगवायचा हे त्यांच्या हाताला माहीत. प्रेम, पैसा, फसवणूक, पाठलाग, मोटारींची धडक, पिस्तूल, चेहऱ्यावरचा वार, कोर्ट, सगळा मसाला आयता समोर होता.

मी डोळे मिटून तो खेळ पाहायचा खूप प्रयत्न करते. पडद्याखाली हार्मोनियम आणि तबलावाला. पडद्यावर मधेमधे अक्षरांच्या पाट्या, गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. बायकांना बसायला वेगळी जागा. त्या बायकांमध्ये कुणीतरी असेलच जिला गोष्ट आधीच ठाऊक होती, वर्तमानपत्रातून नाही तर नवऱ्याच्या बोलण्यातून, आणि तिने पदर तोंडाशी धरून मोटारीची ती धडक पाहिली असेल. आवाज नाही. पिस्तुलाचा बार तबलजीने काढला असेल कदाचित.

आणि ते नाव! कुलीन कांता. मी या नावापाशी किती वेळ घालवलाय म्हणून सांगू. कुलीन म्हणजे चांगल्या कुळातली, आणि कांता म्हणजे प्रिया, घरची लक्ष्मी म्हणा हवं तर. नाचणाऱ्या बाईच्या प्रकरणावरच्या सिनेमाला हे नाव! त्या काळी कुलीन शब्दाचा सिनेमात काय अर्थ होता ते बघा. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी पुढच्या सिनेमात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या त्याला केवढी हिंमत लागली असेल, आणि त्यानंतरही बरीच वर्षं 'चांगल्या घरच्या' बायका कॅमेऱ्यापुढे यायच्या नाहीत, मूकपटात यायच्या त्या ज्यू, अँग्लो इंडियन, नाहीतर गाण्यानाचण्याच्या घराण्यातल्या मुली. म्हणजे जिला समाज कुलीन म्हणत नाही अशी कुणीतरी नटी, जिला समाज कुलीन म्हणत नाही अशा दुसरीची गोष्ट करतेय आणि वर पाटी कुलीन कांता. आमच्या अंगणात तर हा शब्द तिच्या शेजारी ठेवायला कुणाची जीभ वळली नसती.

आता काकाबद्दल. माझा धाकटा काका सिनेमाच्या धंद्यात होता. इंदूर म्हणजे सी.आय. सर्किट, सेंट्रल इंडियाचं वितरणाचं मोठं ठाणं, इथून आसपासच्या सगळ्या गावांना सिनेमे जायचे. काका एका डिस्ट्रिब्युटरकडे रिप्रेझेंटेटिव्ह होता, म्हणजे प्रिंटची पेटी घेऊन बसने गावोगाव जायचं, टॉकीजवाल्याकडे बसायचं, किती तिकिटं फाटली ते मोजायचं, रात्री डीसीआर, म्हणजे रोजच्या गल्ल्याचा हिशेब, भरायचा आणि आठवडा संपला की पेटी उचलून पुढचं गाव. आम्हा मुलांसाठी तो ऑपरेटरकडून तुटलेल्या फिल्मचे तुकडे आणायचा, आणि आम्ही फ्यूज झालेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी भरायचो, दाराला भोक पाडलेलं होतंच, बाहेर एकजण आरसा धरून ऊन आत सोडायचा आणि खोलीच्या भिंतीवर उलटासुलटा धर्मेंद्र यायचा. तो हलायचा नाही. पण यायचा.

काका एकदा म्हणाला होता की त्याला या कामातलं एकच काम आवडत नाही, प्रिंट तोडणे. सिनेमाचे हक्क संपले की प्रिंट दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्या नष्ट करायच्या असतात, तर अंगणात रिळं मांडून कुऱ्हाडीने घाव घालायचे, दोनचार साक्षीदारांसमोर, आणि मग तो ढीग भंगारवाल्याकडे. "हिरॉइनच्या तोंडावर घाव पडतो गं," तो म्हणाला होता. मी तेव्हा हसले होते. मुमताजच्या तोंडावरचे वार वाचले तेव्हा मला काकाचं हे वाक्य आठवलं आणि पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी काका गेला. दिवाळीच्या आधी माळा साफ करताना त्याची एक पत्र्याची पेटी निघाली. झाकण उघडलं तर सिरक्यासारखा आंबूस, नाकात चढणारा वास. फिल्म मरायला लागली की असा वास येतो, तिच्यातून ॲसिड सुटायला लागतं आणि एका डब्यातून शेजारच्या डब्याला लागण होते. आत गुंडाळलेल्या पट्ट्या होत्या, काही एकमेकींना चिकटलेल्या, काही कडेला आखडून लाटेसारख्या झालेल्या. एक पट्टी काळीपांढरी होती. मी ती दोन बोटांत कडेने धरून खिडकीशी गेले आणि खरं सांगते, माझं काळीज धडधडत होतं. मला अक्कल होती की असं काही होत नसतं, मुंबईतला १९२५ चा मूकपट रामबागेच्या माळ्यावर सापडत नसतो. तरी मी पट्टीच्या कडेला शोधत होते. बोलपटाच्या पट्टीवर चित्राच्या बाजूने, भोकांच्या आत, एक बारीक वेडीवाकडी रेघ उभी धावत असते, तो आवाज. मूकपटाला ती रेघ नसते, चित्र या भोकांपासून त्या भोकांपर्यंत सगळी रुंदी व्यापून असतं. मी ती रेघ नसावी म्हणून बघत होते.

रेघ होती. आणि कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत सेफ्टी असं छापलेलं, म्हणजे नंतरच्या काळातली, पेट न घेणारी फिल्म. पट्टीत एक बाई होती, डोक्यावर पदर, कुणाकडे तरी वळून बघतेय, तीसचाळीस चौकटी आणि सगळ्यांमध्ये तेवढीच वळलेली. कुठला सिनेमा, कोण बाई, ओळखू आली नाही. काकाने ती का जपली असेल तेही त्यालाच माहीत. मी ती पट्टी कागदात गुंडाळून कपाटात ठेवलीय, पेटीपासून लांब, म्हणजे वासाची लागण नको.

मूकपटांची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या स्वतःच्याच पोटात असतो. आणि जी जळली नाही ती विकली गेली. काळ्यापांढऱ्या फिल्मवर जे चित्र दिसतं ते चांदीचे बारीक कण असतात, तर बोलपट आले, मूकपटाला कुणी विचारेना, तेव्हा रिळं धुऊन चांदी काढून घ्यायचा धंदा चालला. हे मला समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. कारण तो चेहरा म्हणजेच ती चांदी. नटीचा गाल, डोळ्यातलं पाणी, कपाळावरची रेघ, सगळं चांदीचं बनलेलं, आणि ते धुऊन काढलं की तुमच्या हातात एक पारदर्शक पट्टी उरते. ती चांदी कुणाच्या पैंजणात गेली असेल, कुणाच्या करंड्यात, आमच्या सराफ्यातही आली असेल एखादा तोळा, कोण जाणे.

आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यातले हाताला लागतात ते साधारण तीसेक, तेही बरेच अर्धेमुर्धे, एखादंच रीळ असलेले. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह निघालं १९६४ मध्ये, आलम आरा हा पहिला बोलपट येऊन तेहतीस वर्षं झाल्यावर, तोवर होत्याचं नव्हतं झालेलं. तिथल्या पी. के. नायर यांनी जन्म घालवला डबे शोधण्यात म्हणून फाळक्यांचं जे काही दिसतं ते आपल्याला दिसतं. १९२५ चंच घ्या. बाबूराव पेंटरांचा सावकारी पाश त्याच वर्षीचा, ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते, तो गेला. हिमांशू रायचा प्रेम संन्यास त्याच वर्षीचा, तो राहिला, कारण तो जर्मन लोकांबरोबर काढलेला आणि त्याच्या प्रती परदेशात जपल्या गेल्या. कुलीन कांता गेला.

आता त्या तारखेकडे येते. सिनेमा १९२५ चा. महाराजांनी गादी सोडली फेब्रुवारी १९२६ मध्ये. म्हणजे तो सिनेमा लिहिला, काढला, दाखवला तेव्हा तुकोजीराव इंदूरच्या गादीवर होते. म्हणजेच, आणि हे लक्षात आलं तेव्हा मी रात्रीचे साडेअकरा वाजले असताना बहिणीला फोन केला, त्या सिनेमाचा शेवट "एका बाईपायी गादी गेली" असा असूच शकत नव्हता. गादी गेलीच नव्हती! ते वाक्य अजून जन्मलं नव्हतं. ही गोष्ट नंतर जितक्या जणांनी सांगितली, आमच्या आजीने, अंगणातल्या बायकांनी, पुस्तकं लिहिणाऱ्यांनी, त्या सगळ्यांना शेवट माहीत होता आणि त्या शेवटाकडून ते मागे मागे आले, एवढा मोठा राजा गेला तर कारण तेवढंच मोठं पाहिजे, आणि मग बाई मोठी होत गेली, मायावी, डोळ्यांनी भुलवणारी, राज्य बुडवणारी. होमी मास्टरकडे तो शेवट नव्हता. त्यांच्याकडे होती एक बाई जी निघून आली, एक माणूस जो मेला आणि काही माणसं जी पकडली गेली. फसवणुकीची गोष्ट त्यात नक्कीच होती, पण कोण कुणाला फसवतं हे ठरवायला त्यांच्यासमोर गादीचं ओझं नव्हतं. आजीचं वाक्य तयार व्हायच्या आधी सांगितलेली ती गोष्ट होती, आणि नेमकी तीच धुऊन गेली.

बहीण म्हणाली, ताई झोप आता, उद्या बोलू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला की मला नीट सांग परत.

एक गोष्ट मात्र उरली. मुमताजची कोर्टातली साक्ष. चेहऱ्यावर ताज्या जखमांचे वण घेऊन ती साक्षीला उभी राहिली आणि बोलली. तिने सांगितलं की तिला इंदूरला राहायचं नव्हतं. तिने सांगितलं की तिला तिथे मुलगी झाली होती आणि ती नर्सांनी मारली, म्हणून तिला तिथे राहायचं नव्हतं. हे तिचं म्हणणं, तिने शपथेवर सांगितलेलं, त्याच्या खरेपणाचा निवाडा त्या कोर्टाने करायचा नव्हता, तिथे बावलाच्या खुनाचा खटला होता. पण तिने ते भर कोर्टात, वकिलांसमोर, इंग्रज न्यायाधीशासमोर म्हटलं आणि ते लिहून घेतलं गेलं.

अंगणात वाती वळत बसलेल्या बायकांना हे माहीत होतं का? मी आजीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करते. आजीचीही एक मुलगी गेली होती, माझ्या बाबांच्या आधीची, अकरा दिवसांची होऊन, तिचंही नाव घरात कुणी घेत नसे. आजीच्या कानावर जर हे आलं असतं की ती बाई गादीसाठी नाही, दागिन्यासाठी नाही, तर मुलीच्या दुःखाने तिथून निघाली असं स्वतः सांगतेय, तर आजीने ते वाक्य तसंच म्हटलं असतं असं मला वाटत नाही. आजी कठोर नव्हती. तिच्यापर्यंत गोष्ट पोचलीच ती एवढीशी होऊन.

तुकोजीरावांना खलनायक करून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही, इंदूरच्या माणसाला ते जमणारही नाही. याच राजाने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला बोलावून शहराचा आराखडा करून घेतला, १९१८ चा तो रिपोर्ट आजही नगररचना शिकणारी मुलं वाचतात. गेडिसने प्लेगच्या दिवसांत दिवाळीला मोठी मिरवणूक काढवली, त्यात प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा, आणि मिरवणूक त्याच गल्लीतून जाणार जी गल्ली सगळ्यात स्वच्छ, म्हणून घराघरातून लोक झाडू घेऊन निघाले. आज इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की आम्ही छाती फुगवतो त्याची एक मुळी तिथे आहे. १९१८ मध्येच गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला इथे आले. नंतर गादी सोडल्यावर १९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं, ती हिंदू होऊन शर्मिष्ठाबाई झाली, आणि गंमत बघा, तिच्याबद्दल आजी अगदी मायेने बोलायची, कशी नऊवारी नेसायची, कशी कुंकू लावायची. परदेशातून आलेल्या बाईला घरात नाव मिळालं.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही एमटी क्लॉथ मार्केटला गेलो. मी, बहीण आणि भाची. दुकानात गादीवर बसलो, पांढरी चादर, समोर ताग्यांचा डोंगर, दुकानदार एकेक तागा उलगडून आमच्या मांडीवर टाकतोय, मुलगा चहा घेऊन आलेला. भाची फोनमध्ये लोकेशन टाकत होती, तिने सहज विचारलं, मावशी, एमटी म्हणजे काय गं? आम्ही सगळे एमटी म्हणतो, लहानपणापासून म्हणतो, तिला माहीत नव्हतं. बहिणीने सांगितलं, महाराजा तुकोजीराव.

"कोण ते?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी आधी आजीसारखीच सुरुवात करणार होते, एक राजा होता आपल्याकडे, म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, मुमताज नावाची एक मुलगी होती, पंजाबकडची, तिला इथे राहायचं नव्हतं. आणि मग मलबार हिल, लाल मोटार, रस्ता चुकलेले ते गोल्फवाले, कोर्टात ती काय म्हणाली ते, सगळं सांगत गेले. भाचीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता. दुकानदारही ऐकत होता, पिढ्यान् पिढ्या मराठी गिऱ्हाईक करून त्याला मराठी सगळं कळतं, त्याच्या हातातला जांभळा तागा अर्धा उलगडून तसाच राहिला होता. मी मधे पाणी प्यायला थांबले तर तोच म्हणाला, "फिर, बहनजी? उस लडकी का क्या हुआ?"